कॉलेजची टीम घडते कुठे?

महाविद्यालयीन बास्केटबॉल संघ हरला की प्रेक्षकांत दोन तट पडतात. एका तटाच्या मते दोष कोचचा. खेळाडू तिसऱ्या वर्षाला आले तरी पहिल्या वर्षाच्याच चुका करतात, मग त्यांना शिकवले काय? दुसऱ्या तटाच्या मते पोट्टेच कच्चे आले, कोच बिचारा काय जादू करणार? चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत असलेल्या ऊर्जानगरातला आणि शेजारच्या दुर्गापुरातला क्रीडाप्रेमी जो वाद घालतो, तोच वाद अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या दहा-वीस हजार आसनांच्या सभागृहांतही चालतो. फरक एवढाच, की तिथे या वादाला काही आधार आहे. इथे दोन्ही तट अशा माणसाबद्दल भांडतात, ज्याच्या हाती वर्षातले जेमतेम काही आठवडे असतात.

अमेरिकेतला आधार असा. तिथला कॉलेज कोच पूर्णवेळ पगारी असतो, हाताखाली अनेक सहायक असतात, हंगामात आठवड्याला २० तासांपर्यंत सराव घेण्याची नियमाने मुभा असते आणि एक खेळाडू चार हंगामांपर्यंत हाताशी राहू शकतो. त्यामुळे ‘याने खेळाडू घडवले का’ हा प्रश्न त्याला विचारता येतो आणि उत्तर आकड्यांत तपासता येते. पर्ड्यू विद्यापीठाच्या झॅक ईडीचे उदाहरण अलीकडचे आहे. टोरांटोचा हा सव्वासात फुटांहून उंच मुलगा आधी बेसबॉल आणि आइस हॉकी खेळायचा, बास्केटबॉलकडे तो शाळेच्या शेवटच्या टप्प्यात वळला. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते. प्रशिक्षक मॅट पेंटर यांच्या हाताखाली त्याची सामन्यामागे सरासरी पहिल्या वर्षी ८.७ गुण होती. पुढे ती १४.४, २२.३ आणि चौथ्या वर्षी २५.२ झाली. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. अशा ठिकाणी कोचला श्रेय देताना प्रेक्षकाला बिचकावे लागत नाही.

शिकवणे म्हणजे नेमके काय, याचा तिथे अभ्यासही झाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संघाचे जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्या अखेरच्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाच्या वेळी बाजूला बसून कोचच्या प्रत्येक बोलण्याची नोंद करत राहिले. २,३२६ नोंदी झाल्या. त्यांतल्या सुमारे ७५ टक्के नोंदींत निव्वळ माहिती होती: पाय कुठे ठेव, पास कधी सोड, कोपर कुठे हवे. शाबासकी ७ टक्क्यांच्या आत आणि नाराजीही तेवढीच. जोशपूर्ण भाषण जवळजवळ नव्हतेच. हंगामाच्या पहिल्या दिवशी वुडन मोजे कसे घालायचे ते शिकवत. मोज्याला चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, हा त्यामागचा सरळ हिशेब. आपल्याकडे ‘कडक कोच’ म्हणजे शिट्टी आणि शिव्या, अशी जी समजूत आहे, तिला हा अभ्यास चांगला उतारा आहे.

गेल्या काही वर्षांत तिथल्या वादाचे स्वरूप पालटले. ऑक्टोबर २०१८ मध्ये खेळाडूंच्या विद्यापीठ-बदलासाठी नोंदणीची खुली व्यवस्था आली. २०२१ पासून बदलानंतर एक हंगाम बाहेर बसण्याची अटही सैल झाली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मोकळीक मिळाली. तेव्हापासून तयार खेळाडू दुसरीकडून आणावा की पहिल्या वर्षाचा मुलगा चार वर्षे घडवावा, यावर पाठीराखे भांडतात. भारतात हा प्रकार जुनाच आहे. स्पर्धेच्या वर्षी चांगल्या खेळाडूला आपल्या कॉलेजात प्रवेश घ्यायला लावण्याचे आपल्या आंतरमहाविद्यालयीन खेळात कुणाला नवल वाटत नाही.

खेळाडू सुधारला की नाही, हे ठरवताना प्रेक्षक हमखास फसतो. अठरा ते एकवीस या वयात शरीर आपोआप भरते. खांदे रुंद होतात, धक्का सहन होतो, उडी वाढते. ही वाढ कोचच्या नावावर जमा होते. जुने खेळाडू पदवी घेऊन गेले की उरलेल्याला जास्त मिनिटे मिळतात आणि गुणही वाढतात. तीही प्रगती मानली जाते. कंटाळून किंवा दुखापतीने सोडून गेलेला मुलगा मात्र कोणाच्याच हिशेबात येत नाही. या सगळ्यातून बऱ्यापैकी स्वच्छ निघणारी कसोटी एकच, फ्री थ्रो. समोर कोणी आडवा येत नाही, अंतर ठरलेले ४.६ मीटर, रिंग ठरलेली ३.०५ मीटर उंचीवर. तिथे ना उंचीचा फायदा, ना वेगाचा. खेळाडूचा फ्री थ्रोचा टक्का तीन वर्षांत हललाच नसेल, तर त्याच्या हातावर कोणी मेहनत घेतलेली नाही, असे खुशाल समजावे. त्यासाठी एक वही आणि पेन पुरते. पण वाद घालणाऱ्यांपैकी वही कोणी आणत नाही.

आता इथली रचना. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली महाविद्यालये २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. बास्केटबॉलच्या दृष्टीने हा बदल दुधारी ठरला. नागपुरात शिवाजीनगर, धरमपेठ यांसारख्या वस्त्यांत क्लबांची जुनी परंपरा आहे. तिथली मुले लहानपणापासून कोर्टावर असतात. त्यांना मागे सारून विद्यापीठाच्या १२ जणांत नाव लागणे चंद्रपूरच्या मुलाला फार अवघड होते. आता विद्यापीठाचा गणवेश तुलनेने लवकर अंगावर चढतो. पण ज्यांच्याशी रोज खेळून हात सुधारला असता, ते चुरशीचे प्रतिस्पर्धी घरच्या स्पर्धेत राहिले नाहीत. त्यांची गाठ थेट पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत पडते आणि तिथे पुणे, मुंबई किंवा गुजरात-राजस्थानचा मुरलेला संघ समोर असतो.

वर्षाचे चक्र सगळ्या विद्यापीठांत थोड्याफार फरकाने सारखे. पावसाळ्याच्या सुमारास प्रवेश होतात, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून निवड चाचणी, निवडलेल्यांचा दहा-पंधरा दिवसांचा कॅम्प, ट्रॅकसूट आणि किटचे वाटप आणि लगेच आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी रेल्वेचा प्रवास. याच दिवसांत सत्र परीक्षा येतात. विभागातले अव्वल संघ अखिल भारतीय फेरीला जातात. बाकीच्यांचे वर्ष तिथेच संपते. राज्यपालांच्या पुढाकाराने सुरू झालेला ‘अश्वमेध’ हा राज्यातल्या विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव आणि २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा ही त्यात पडलेली भर. कॅम्पच्या पंधरा दिवसांत कोच फार तर दोन-तीन आक्रमक चाली बसवतो, झोन बचाव कोणता लावायचा ते ठरवतो आणि संघाची ओळखपाळख करून देतो. कोणाचा डावा हात त्याला शिकवता येत नाही. तो बारा-तेराव्या वर्षी शिकायचा असतो.

शिवाय कॉलेजात ‘कोच’ म्हणून ज्याला हाक मारली जाते, तो बहुधा शारीरिक शिक्षण संचालक असतो. हे पद एका खेळाचे नसते. कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, व्हॉलीबॉल, बुद्धिबळ सगळे त्याच्याच गळ्यात, वर प्रवेशप्रक्रिया, परीक्षेची ड्युटी आणि प्राध्यापकांच्या समित्या आहेतच. हे पद रिकामे राहिले की कुणा सहकाऱ्याकडे ‘क्रीडा प्रभार’ येतो. शारीरिक शिक्षणाची पदवी आणि एखाद्या खेळाचे प्रशिक्षण देण्याची पात्रता या भिन्न गोष्टी आहेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) विदर्भाला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या पुरवले. एका खेळाच्या प्रशिक्षकाची पदविका मात्र पतियाळाच्या, १९६१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी घ्यावी लागते. पहिल्या प्रकारचा माणूस कॉलेजात असतो आणि टीका त्याच्यावर दुसऱ्या प्रकारचा समजून होते.

म्हणून वादाची जागा कॉलेजच्या बाकावरून उचलून वस्तीतल्या कोर्टावर न्यायला हवी. दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा सात नंबरचा चेंडू दिला आणि ३.०५ मीटरवरच्या रिंगकडे बोट दाखवले की काय होते ते बघण्यासारखे आहे. चेंडू त्याच्या तळहातात मावत नाही. तो दोन्ही हातांनी चेंडू कमरेपाशी नेतो, गुडघे वाकवून सगळे अंग वर झोकतो आणि चेंडू छातीवरून भिरकावतो. कधीतरी पडतो आत, सगळे टाळ्या वाजवतात आणि तीच ढब हाडात बसते. अठराव्या वर्षी ताकद येते, उंची येते, पण शॉट छातीवरूनच सुटतो. त्यामुळे समोरचा बचावपटू तो सहज अडवतो. उपाय साऱ्या जगाला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या स्क्रॅंटन गावी जे आर्चर या शिक्षकाने १९५० मध्ये मुलांसाठी लहान चेंडू आणि खाली आणलेली रिंग असा खेळ बेतला. त्यातून पुढे मिनी बास्केटबॉल रूढ झाला: चेंडू पाच नंबरचा, रिंग २.६० मीटरवर. लोखंडी पाइपावर बसवलेली अशी रिंग वर्कशॉपातला कोणताही वेल्डर करून देईल. वीज केंद्राच्या वसाहतीत तर वेल्डरची वाण नाही.

बाकीची पायाभूत कौशल्येही याच वयाची. दोन्ही पायांवर एकदम थांबणे, एक पाय न हलवता वळणे, डाव्या बाजूने डाव्या हाताने ले-अप, चेंडूकडे न पाहता ड्रिबल. ही कामे कंटाळवाणी आहेत. ती रोज चाळीस मिनिटे करून घेणारा माणूस लागतो आणि त्या माणसाला पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही तिथेच असावे लागते. कोर्ट डांबरी आहे की सिमेंटचे, बोर्ड फायबरचा आहे की पत्र्याचा, याने फरक पडतो, पण थोडा. सिमेंटवर चेंडूची साल महिन्याभरात जाते आणि नडग्या दुखतात, हे खरे. माणूस टिकत नाही ही अडचण त्याहून मोठी.

तो टिकला तर काय होते, हे बघायला अमेरिका गाठायची गरज नाही. गडचिरोलीची पूर्व सीमा जिथे छत्तीसगडच्या जुन्या राजनांदगाव जिल्ह्याला भिडते, तिथून पलीकडे भारतीय मुलींच्या बास्केटबॉलची दोन मोठी ठिकाणे आहेत. भिलाईत राजेश पटेल यांनी पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या कोर्टांवर वर्षानुवर्षे मुली घडवल्या. कारखान्याची वसाहत, बाहेरून आलेली कामगार कुटुंबे, संध्याकाळी मोकळी मैदाने, हे चित्र ऊर्जानगरच्या रहिवाशाला अनोळखी नाही. त्या वसाहतीतून छत्तीसगडचा संघ राष्ट्रीय पातळीवर पहिल्या फळीत पोचला. कानपूरकडची, जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदी बास्केटबॉल शिकायला तिथेच आली आणि पुढे भारतीय संघात गेली. पटेल २०१८ मध्ये गेले. राजनांदगावात भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात कलवा राजेश्वर राव यांनी असेच दीर्घकाळ काम केले आणि आदिवासी, ग्रामीण घरांतल्या मुली राष्ट्रीय पदकांपर्यंत नेल्या. पंजाबातला दाखला यापेक्षा प्रसिद्ध आहे: लुधियानाच्या अकादमीत सुरुवात केलेला सतनाम सिंग २०१५ मध्ये अमेरिकेच्या एनबीएच्या निवडयादीत ५२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला. या तिन्ही ठिकाणी कॉलेजचा भाग नगण्य होता.

ऊर्जानगरचे वेगळेपण आता पाहू. पहिला संच १९८३ मध्ये सुरू झालेले हे केंद्र आज २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे आणि महानिर्मिती या सरकारी वीजनिर्मिती कंपनीच्या केंद्रांत सर्वांत मोठे. महानिर्मितीत विद्युत केंद्रांच्या आपसांतल्या क्रीडा स्पर्धा होतात, चुरशीने होतात. पण त्या कर्मचाऱ्यांच्या. वसाहतीतल्या मुलांसाठी कायमचा प्रशिक्षक नेमणे हा या स्पर्धांचा हेतू नाही. एखादा अभियंता किंवा तंत्रज्ञ हौसेने मुलांना जमवतो, तीन-चार वर्षे छान चालते, मग त्याची कोराडी, खापरखेडा किंवा परळीला बदली होते आणि गट मोडतो. बदलीची नोकरी आणि दहा वर्षांचे प्रशिक्षण यांचे जमत नाही. भिलाईत एकच माणूस एकाच गावी राहिला, हा योगायोग नव्हे; तीच तिथली पद्धत झाली.

हवामानही इथे कोचच्या विरोधात आहे. उन्हाळी सुटी हा मुलांच्या सरावाचा खरा काळ, आणि चंद्रपूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या वर जातो. सकाळी साडेसातनंतर उघड्या सिमेंटच्या कोर्टावर मुले थांबवता येत नाहीत. मग पहाटे यावे, तर ताडोबाचे जंगल शेजारीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात एका कामगाराचा वाघाने बळी घेतला आणि त्याच आठवड्यात दुर्गापुरात एका किशोरवयीन मुलाला बिबट्याने ठार केले. त्यानंतर अंधारात मुलांना मैदानावर पाठवा, असे कोणत्या पालकाला सांगणार? हवेचे दुखणे निराळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यांकनात चंद्रपूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांपैकी एक ठरले होते, निर्देशांक ८३.८८. धापा टाकत खेळायचा खेळ अशा हवेत शिकवताना कोर्ट राखेच्या आणि कोळशाच्या वाहतुकीपासून दूर असणे ही चैन राहत नाही. छपराचे एक कोर्ट आणि पुरेसे दिवे या दोन गोष्टींनी उन्हाचा आणि अंधाराचा प्रश्न बराच सुटतो. वीज केंद्राच्या सावलीत दिव्यांची मागणी करावी लागावी, ही गंमतच.

‘आपल्या पोट्ट्यांना उंची नाही’ ही तक्रार मात्र लंगडी आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जपानचा महिला संघ स्पर्धेतल्या सर्वांत बुटक्या संघांपैकी होता. सरासरी उंची १७६ सेंटिमीटरच्या आसपास. प्रशिक्षक टॉम होवास यांनी त्यांना वेग आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरची फेक यांवर उभे केले. उपांत्य फेरीत त्यांनी फ्रान्सला हरवले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेकडून ७५–९० असे हरून रौप्यपदक नेले. उंची नसलेल्या संघाला हातात अचूकता लागते आणि अचूकता येते लहानपणीच्या फेकांतून. म्हणजे तक्रार पुन्हा त्याच मिनी रिंगपाशी येते.

चंद्रपूरला घडवण्याचा अनुभव नाही, असेही नाही. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनाच्या ‘मिशन शौर्य’मध्ये जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतली दहा मुले-मुली निवडली गेली. वर्धा, तेलंगणातला भोंगीरचा कातळ, दार्जिलिंग आणि लडाख असे टप्प्याटप्प्याने त्यांचे प्रशिक्षण झाले आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडवी, कविदास कातमोडे आणि विकास सोयाम ही पाच जणं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. त्याआधी २०१४ मध्ये तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशाने तेरा वर्षांच्या मालावत पूर्णाला अशाच वाटेने शिखरावर नेले होते. निवड काटेकोर, प्रशिक्षक पूर्णवेळ, आहार ठरलेला, कठीणपणा क्रमाने वाढवलेला. वर्षभरात फळ मिळाले. तेव्हापासून खेळाच्या प्रत्येक चर्चेत कोणीतरी ‘बास्केटबॉलचेही असेच मिशन काढा’ म्हणतो. सूचना चांगल्या मनाची आहे, पण लागू पडत नाही. डोंगरदऱ्यांत वाढलेल्या मुलांकडे दम, काटकपणा आणि थंडी-भुकेला न डगमगणारे मन आधीच होते. प्रशिक्षणाने त्याला तंत्राची जोड दिली. मनगटाची फेक आणि पाच जणांची परस्परांची जाण कोणत्याही रानात आपोआप उगवत नाही. ती एका वर्षात बसत नाही. मिशनमधून उचलायचे ते पूर्णवेळ प्रशिक्षक आणि पोटभर आहार; ‘एक वर्ष’ तेवढे सोडून द्यावे.

प्रोत्साहनाची रचनाही तपासावी लागते. दहावी-बारावीला क्रीडागुण आणि सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण यांमुळे खेळाला घरातून परवानगी मिळू लागली, हे मान्य केले पाहिजे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला विद्यापीठाच्या प्रमाणपत्राचे मोल कळते. मात्र त्याचा परिणाम असा, की सहभागाचे प्रमाणपत्र हातात पडले की सरावाचे कारण संपते. ज्या खेळात संघ कमी, तिथे प्रमाणपत्र सोपे, म्हणून बास्केटबॉलच्या चाचणीला कबड्डीपटूही उभे राहतात. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीला आली ती याच ओढीतून. अशा संघाचा कोच बदलल्याने काहीही होणार नाही.

मग कोचला दोष द्यायचाच नाही का? द्यायचा, पण त्याच्या वाट्याचा. कॅम्पच्या पंधरा दिवसांत सरावाचा लेखी आराखडा होता का, बाराही खेळाडूंना कामे नेमून दिली होती का, पहिल्या वर्षाच्या मुलांना हरलेल्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत तरी खेळवले का, दुखऱ्या गुडघ्यावर कोणाला उतरवले का, एवढे प्रश्न त्याला विचारता येतात. त्याच्या पलीकडचे प्रश्न वीज केंद्राचे व्यवस्थापन, जिल्हा क्रीडा कार्यालय आणि जिल्हा संघटना यांना विचारायचे आहेत. पुढच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला येणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाने आधी इतके तरी विचारून घ्यावे: आपल्या वस्तीत बारा वर्षांखालच्या मुलांचा सराव किती वाजता असतो, कोण घेतो आणि तो माणूस किती वर्षांपासून तिथे आहे.